पुस्तकामागचें उत्तर

लग्नाच्या मांडवांत किंवा सत्यनारायणाच्या प्रसादाला चार माणसें जमलीं म्हणजे एकमेकांच्या मुलांची विचारपूस ही व्हावयाचीच. आमच्या वांट्याला येणारा प्रश्न गेलीं पांच-सहा वर्षें एकच होता. “तुमची ताई डॉक्टर होणार म्हणे; मग दवाखाना कोठें घालणार?” आम्ही सांगत असूं कीं, ती नाडी पाहणारी डॉक्टर नव्हे, विद्यापीठाची डॉक्टर. लगेच दुसरा प्रश्न येई, “विषय कोणता?” विषय कर्करोगाचा, असें सांगितलें म्हणजे विचारणाराची मुद्रा गंभीर होई, आणि शिक्षण संगणकाचें, असें सांगितलें म्हणजे ती गोंधळून जाई. “म्हणजे औषध शोधते का?” नाहीं. “रोगी तपासते का?” नाहीं. “मग करते तरी काय?” या शेवटल्या प्रश्नाला आम्ही हंसून वेळ मारून नेत असूं, कारण खरें सांगावयाचें तर तें आमचें आम्हांलाच नीटसें उमगलें नव्हतें. तें उमगलें एका रात्रीं, आणि उमगलें तेव्हां आमची आम्हांलाच लाज वाटली. ती हकीकत आज वाचकांपुढें मांडीत आहों.

आम्ही सांगलीस एका माध्यमिक शाळेंत एकतीस वर्षें गणित शिकवून निवृत्त झालों. गणिताच्या पुस्तकांत शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात. कांहीं चलाख मुलें तीं आधींच पाहून ठेवीत, मध्यें दोन-चार ओळी कशाबशा जुळवीत आणि खालीं नेमकें उत्तर लिहून मोकळीं होत. अशा उत्तराला आम्हीं कधीं एकही गुण दिला नाहीं. “आधीं रीत दाखव, मग उत्तर,” हें आमचें वाक्य शाळेंत इतकें प्रसिद्ध होतें कीं, मुलें पाठीमागें आम्हांला ‘रीतसर’ म्हणत. हें टोपणनांव आम्हांला ठाऊक होतें, आणि त्याचा मनांतून थोडा अभिमानही होता. तो अभिमान किती वरवरचा होता, तें पुढें दिसेलच.

सन २०११ च्या श्रावणांत ताईच्या आईच्या स्तनांत गांठ आढळली. तिचें वय तेव्हां बावन्न. मिरजेस शस्त्रक्रिया झाली. गांठ लहान होती, कांखेंतील ग्रंथींपर्यंत रोग पोंचला नव्हता, आणि संप्रेरकांवर पोसणाऱ्या जातीचा तो होता. डॉक्टर मोठे सरळ गृहस्थ. त्यांनीं आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलें कीं, अशा पुष्कळ स्त्रियांचें शस्त्रक्रिया आणि नंतरच्या गोळ्या एवढ्यावरच भागतें. थोड्यांचा रोग मात्र उलटतो. उलटणारा कोणता आणि न उलटणारा कोणता, हें आपल्याला आधीं ओळखतां येत नाहीं, म्हणून केमोथेरपी घ्यावी असा आपला सल्ला आहे. गांठींतील २१ जनुकांचें मोजमाप करून याचा अंदाज बांधणारी एक तपासणी अमेरिकेंत निघालेली होती. पण नमुना तिकडे पाठवावा लागे, आणि तिचा खर्च शाळामास्तराच्या आवांक्याबाहेरचा होता. केमोथेरपी घेण्याचें ठरलें.

रोग आजवर उलटलेला नाहीं, ही ईश्वराची कृपा. परंतु त्या औषधांपैकीं एक, यू नांवाच्या वृक्षाच्या सालींत प्रथम सांपडलेलें पॅक्लिटॅक्सेल, बोटांच्या टोकांतील ज्ञानतंतूंना इजा करूं शकतें. पुष्कळांची ही बधिरता कालांतरानें ओसरते; हिची ओसरली नाहीं. आमच्या घरीं चातुर्मासांत वातींचा नेम तीन पिढ्या चालत आलेला. पूर्वीं ती गप्पा मारतां मारतां, हाताकडे न पाहतां, भराभर वाती वळीत असे. आतां चिमटींत कापूस आहे कीं नाहीं हें तिला डोळ्यांनीं पाहावें लागूं लागलें. वाती कोठें जाड, कोठें बारीक होऊं लागल्या. सुईंत दोरा ओंवण्याचें काम ताईकडे आलें. ताई तेव्हां सोळा वर्षांची होती. एकदां आईच्या हातून निसटलेली वाटी उचलीत असतां तिनें आम्हांला विचारलें, “बाबा, आईला तें औषध दिलें नसतें तर काय झालें असतें?” आम्हीं म्हटलें, “तें कोण सांगणार?” तें उत्तर तिनें मनांत धरून ठेवलें असावें.

पुढें ती संगणकाची अभियंता झाली, पुण्यास चांगल्या पगारावर लागली, आणि आम्ही रीतीप्रमाणें स्थळें पाहूं लागलों. इतक्यांत २०१८ सालीं अमेरिकेंतून एका मोठ्या चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. तींत १०,२७३ स्त्रियांचीं नांवें नोंदलीं होतीं. त्याच २१ जनुकांच्या तपासणींत ज्यांचा आंकडा मधला आला, अशा स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्या तशा दोन गटांत वांटल्या होत्या. एका गटाला केमोथेरपी दिली, दुसऱ्याला दिली नाहीं. नऊ वर्षांच्या हिशेबांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच उतरले. पन्नाशीच्या आंतील कांहीं स्त्रियांना औषधाचा थोडा लाभ दिसला. पन्नाशी ओलांडलेल्यांना दिसला नाहीं. ताईच्या आईचा आंकडा कधीं काढलाच गेला नव्हता, त्यामुळें तो निकाल तिला लागू पडला असता कीं नाहीं, हें आतां कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. पण तो वाचल्यावर सहा-आठ महिन्यांत ताईनें नोकरीचा राजीनामा दिला आणि २०१९ सालीं मुंबईच्या एका संस्थेंत संशोधनाला नांव घातलें. तिचें म्हणणें एवढेंच होतें कीं, जी गोष्ट परदेशीं नमुना धाडून, लाखों रुपये मोजून कळते, तिचा कांहीं अंश तरी आपल्या प्रत्येक रुग्णालयांत निघणाऱ्या साध्या काचपट्टीवरून वाचतां आला पाहिजे.

ही काचपट्टी म्हणजे काय, तें आम्हांला तिनेंच समजावून दिलें. काढलेल्या गांठीचा तुकडा मेणांत बसवितात, त्याचा कागदाहून कितीतरी पातळ पापुद्रा कापून तो काचेवर ठेवतात, आणि दोन रंगांनीं रंगवितात. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्यापासून निघणारा रंग. त्यानें पेशींचीं केंद्रें निळींजांभळीं होतात. इओसिन या दुसऱ्या रंगानें बाकीचा भाग गुलाबी होतो. शंभराहून अधिक वर्षें जगभर हीच रीत चालत आली आहे, आणि अनुभवी डॉक्टर या निळ्यागुलाबी रांगोळीवरून रोगाची जात व प्रत सांगतात. ताईचा संगणकही हीच रांगोळी पाहणार होता. फक्त तिच्यांत माणसाच्या नजरेला न दिसणारी एखादी खूण सांपडते काय, हा शोध होता.

संगणकाला नियम सांगावयाचे नाहींत, ही या विद्येंतील मुख्य गंमत. तिला मशीन लर्निंग म्हणतात. आपण यंत्रशिक्षण म्हणूं. सासू नव्या सुनेला पुरणाचा अंदाज मापानें शिकवीत नाहीं; करवून घेते, चुकलें तर सांगते, पुन्हां करवून घेते, आणि एके दिवशीं सुनेच्या हाताला तें कळतें. तसेंच येथें. ज्या स्त्रियांचें पुढें काय झालें हें ठाऊक आहे, त्यांच्या पट्ट्यांचीं चित्रें यंत्राला दाखवावयाचीं. त्यानें रोग उलटेल कीं नाहीं तें सांगावयाचें. चुकलें कीं त्याच्या पोटांतील लक्षावधि आंकडे केसभर इकडेतिकडे सरकवावयाचे, आणि पुन्हां विचारावयाचें. असें हजारों वेळां केलें म्हणजे यंत्राला ‘कळूं’ लागतें. काय कळतें, हें मात्र तें सांगूं शकत नाहीं. सुनेलाही तें सांगतां येत नाहीं. पण सुनेनें केलेलें पुरण आपण चाखून पाहूं शकतों.

गणिताचा मास्तर म्हणून आम्हीं हरकत घेतली कीं, एवढ्या आंकड्यांना उत्तर हवें तसें वळवितां येईल. ताई खूष झाली. म्हणाली, “बाबा, नेमकें तेंच भय आहे.” तिनें १९९९ सालचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगितलें. अमेरिकेंत टॉड गोलब व त्यांचे सहकारी यांनीं रक्ताच्या कर्करोगाच्या दोन जाती केवळ जनुकांच्या मोजमापावरून ओळखून दाखविल्या. शिकविण्यासाठीं रुग्णांचे नमुने होते ३८, आणि प्रत्येक नमुन्यांत मोजलेलीं जनुकें होतीं ६,८१७. आम्ही चमकलों. अज्ञातें सहा हजार आठशें सतरा आणि समीकरणें अवघीं अडतीस! नववींतला मुलगासुद्धां सांगेल कीं, अशा उदाहरणाला अगणित उत्तरें निघतात. “म्हणूनच,” ताई म्हणाली, “शिकलेल्या नमुन्यांवर उत्तर जुळलें याला कांहीं किंमत नाहीं. त्यांनीं निराळे ३४ नमुने घेऊन परीक्षा केली. त्यांपैकीं २९ बाबतींत ठाम उत्तर निघालें आणि तीं सगळीं बरोबर ठरलीं. राहिलेल्या ५ बाबतींत खात्री पुरेशी नव्हती, म्हणून तेथें ठाम उत्तर दिलेंच नाहीं.” त्या वेळीं आम्हांला २९ चें कौतुक वाटलें. ५ चें महत्त्व कळावयाला आणखी कांहीं वर्षें जावयाचीं होतीं.

ताईला दोन रुग्णालयांतून पट्ट्या मिळाल्या. रुग्णांचीं नांवें पुसलेलीं, आणि नैतिकता समितीची रीतसर परवानगी घेतलेली. २०२२ च्या दिवाळींत ती घरीं आली ती हर्षानें फुलून. दोन स्त्रियांच्या पट्ट्या यंत्रापुढें ठेवावयाच्या, एकीचा रोग पुढें उलटलेला, दुसरीचा न उलटलेला. उलटणारी कोणती, हें छापा-कांटा करून सांगितलें तर दहांपैकीं पांच वेळां बरोबर येईल. ताईचें यंत्र दहांपैकीं नऊ वेळां बरोबर सांगत होतें, आणि तेंही कधीं न दाखविलेल्या पट्ट्यांवर. निबंध लिहून होत आला होता. परदेशांतील एका परिषदेचें बोलावणें आलें होतें. आम्हीं पेढे वांटले. वाचनालयांत, देवळांत, भाजी घेतांना, जो भेटेल त्याला सांगितलें. ताईची आई कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त ताईचा हात आपल्या बधिर बोटांनीं बराच वेळ धरून ठेवला.

पुढल्या जानेवारींत एका रात्रीं अकराच्या सुमारास फोन वाजला. “बाबा,” ताई म्हणाली, “माझें यंत्र पुस्तकामागचें उत्तर पाहत होतें.”

झालें होतें तें असें. यंत्र चित्राच्या कोणत्या भागाकडे पाहून निर्णय देतें, हें रंगवून पाहण्याची एक सोय असते. निबंधांत एखादें सुरेख चित्र घालावें म्हणून ताईनें ती वापरली. यंत्राचें लक्ष कर्कपेशींच्या गर्दीकडे असावें अशी अपेक्षा. पण पुष्कळ पट्ट्यांवर तें कडेच्या रित्या भागाकडे, जेथें रोगाचा मागमूस नाहीं अशा जागेकडे, टक लावून बसलेलें दिसलें. तिच्या मनांत पाल चुकचुकली. तिनें यंत्राला निराळाच प्रश्न घातला: रोगाचें राहूं दे, ही पट्टी दोहोंपैकीं कोणत्या रुग्णालयाची, तेवढें सांग. यंत्रानें तें जवळजवळ एकदांही न चुकतां सांगितलें. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत रंग जरा गडद बसत असे, दुसरीकडे फिकट. आणि गडद रंगाचें तें रुग्णालय मोठें. दूरदूरच्या जिल्ह्यांतून अवघड झालेले रोगी तेथें येत, त्यामुळें रोग उलटण्याचें प्रमाणही तेथें अधिक. यंत्राला सोपी वाट सांपडली. गडद म्हणजे उलटेल, फिकट म्हणजे उलटणार नाहीं. राखून ठेवलेल्या पट्ट्याही त्याच दोन रुग्णालयांच्या, तेव्हां परीक्षेंतही हीच युक्ति चालून गेली. मग ताईनें एका रुग्णालयाच्या पट्ट्यांवर यंत्र शिकविलें आणि परीक्षा दुसऱ्याच्या पट्ट्यांवर घेतली. निकाल छापा-कांट्याहून थोडासाच बरा आला. दोन वर्षांचें काम एका आठवड्यांत कोसळलें होतें.

आम्हीं काय म्हणावें? जें म्हटलें तें लिहितांना आज लेखणी अडखळते. पण तें वगळलें तर ही हकीकत सांगण्यांत अर्थ नाहीं. आम्हीं विचारलें, “हें अजून कोणाला सांगितलें आहेस का?” पलीकडे ती गप्प होती. आम्ही बोलत गेलों. “राखून ठेवलेल्या पट्ट्यांवर परीक्षा झाली ना? उत्तरें बरोबर आलीं ना? त्यांत तूं कांहीं लबाडी केलेली नाहींस. निबंध जाऊं दे, प्रबंध पुरा कर, पदवी पदरांत पाडून घे. चूक दाखवावयाची ती पुढें दाखवितां येईल. तुझ्या बरोबरीच्या मुली कोठच्या कोठें गेल्या.” एकतीस वर्षें मुलांच्या वह्यांवर रीत मागणारे आम्ही, स्वतःच्या मुलीला नुसतें उत्तर लिहून मोकळी हो, म्हणून सांगत होतों.

फोन मोठ्या आवाजावर होता. ताईची आई देवघरापाशीं उद्यांची तयारी करीत होती. ती उठून आली आणि आमच्या शेजारीं बसली. “ताई,” तिनें विचारलें, “माझी पट्टी त्या यंत्राला दाखविली असती, तर त्यानें काय सांगितलें असतें?”

ताई क्षणभर थांबून म्हणाली, “आई, ती कोठें रंगविली होती त्यावर तें अवलंबून. गडद असती तर रोग उलटेल म्हणून सांगितलें असतें. फिकट असती तर औषध नको म्हणालें असतें.”

“म्हणजे माझ्या गांठीकडे त्यानें पाहिलेंच नसतें?”

“नाहीं, आई.”

ती थोडा वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “अहो, मिरजेच्या डॉक्टरांनीं मला ठाऊक नाहीं म्हणून स्वच्छ सांगितलें होतें. तें ऐकून मीं औषध घेतलें. बोटें गेलीं, त्याचा मला कोणावर राग नाहीं. पण ठाऊक नसतां ठाऊक आहे म्हणून कोणीं सांगितलें असतें, तर मी कोणाकडे पाहिलें असतें?” एवढें बोलून ती उठून गेली. फोनवर ताई रडत होती. आम्हांला तिला दोन शब्द धीराचे सांगावयाचेही सुचले नाहींत.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं ताईनें एक जुनें प्रकरण आम्हांला वाचावयाला दिलें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतून २००६ सालापासून असे निबंध प्रसिद्ध झाले कीं, गांठींतील जनुकें मोजून कोणत्या रुग्णाला कोणतें केमोथेरपीचें औषध लागू पडेल हें सांगतां येतें. या आधारावर प्रत्यक्ष रुग्णांवर चांचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टन येथील बॅगर्ली आणि कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं तेच आंकडे घेऊन तेंच गणित करून पाहिलें, उत्तर येईना. खोलांत शिरल्यावर दिसलें कीं, कोष्टकांतील जनुकांचीं नांवें एक ओळ खालीं सरकलेलीं आहेत, आणि कोठें कोठें ‘औषध लागू पडणारे’ व ‘न पडणारे’ या चिठ्ठ्यांचीच अदलाबदल झालेली आहे. त्यांनीं हें २००९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. २०१० सालीं त्या चांचण्या थांबविल्या गेल्या, निबंध मागें घेतले गेले, आणि २०१५ सालीं सरकारी चौकशींत मुख्य संशोधकावर गैरवर्तनाचा ठपका आला. चिठ्ठ्यांची अदलाबदल! म्हणजे ज्याला औषध लागू पडणार नाहीं, त्यालाच तें देण्याचा सल्ला. आम्ही तें वाचीत असतां, “पदवी पदरांत पाडून घे” हे आमचेच शब्द कानांत घुमत होते.

ताईची चूक त्या जातीची नव्हती. ती एकटीचीही नव्हती. अमेरिकेंत २००६ सालीं सुरू झालेला कर्करोगाचा एक विशाल संग्रह आहे. ३३ प्रकारच्या रोगांचे अकरा हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने त्यांत आहेत, आणि जगभरचे विद्यार्थी आपलीं यंत्रें त्यावर शिकवितात. शिकागोच्या संशोधकांनीं २०२१ सालीं दाखवून दिलें कीं, त्यांतील पट्टी कोणत्या रुग्णालयाची, हें यंत्र ओळखूं शकतें. रंग सारखे करून घेतले तरीही ओळखतें. ताईनें हा निबंध पूर्वींच वाचला होता. “वाचला होता, बाबा,” ती म्हणाली, “पण तें दुसऱ्यांच्या घरचें वाटलें.”

आणि ही भानगड यंत्रांबरोबरच आली असेंही नाहीं. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचें नांव पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. त्यांनीं डॉ. खानोलकरांच्या हाताखालीं काम करून १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. यजमान गणितज्ञ होते, आणि तिच्या अभ्यासांत त्यांचें साह्य असे. अमेरिकेंत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत राहून त्या शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत पेशी वाढविण्याची विद्या शिकल्या, आणि परत येऊन मुंबईस या देशांतील तशी पहिली प्रयोगशाळा त्यांनीं उभी केली. याच गाय यांच्याकडे १९५१ सालीं हेला नांवाच्या प्रसिद्ध कर्कपेशी प्रथम वाढल्या होत्या. पुढें १९६६ सालीं स्टॅनले गार्टलर यांनीं दाखविलें कीं, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून जपलेल्या कित्येक पेशी वस्तुतः हेलाच आहेत. बेमालूम शिरून त्यांनीं मूळच्या पेशींची जागा घेतली होती. पाहणारा पाहतो एक आणि समजतो दुसरेंच. कांचेच्या भांड्यांत हें झालें, तसेंच संगणकांत झालें. दोन्हीकडे तें उघडकीस आलें तें कोणीतरी आवडत्या उत्तराकडे संशयानें पाहिलें म्हणून.

ताईनें दुसऱ्याच दिवशीं आपल्या मार्गदर्शकांना सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, “हें चौथें प्रकरण म्हणून लिही.” निबंध गेला नाहीं. परिषदेला नकार कळविला. तिनें आणखी तीन रुग्णालयांतून पट्ट्या मिळविल्या, आणि प्रत्येक वेळीं एक रुग्णालय पूर्णपणें बाजूला ठेवून परीक्षा त्याच्यावरच घ्यावी, अशी शिस्त घातली. याला दोन वर्षें लागलीं. शिष्यवृत्तीची मुदत संपली. शेवटले दहा महिने तिची शिल्लक आणि आमचें निवृत्तिवेतन यांवर चालले. नातेवाइकांत कुजबुज झाली. आम्हीं त्या दिवसांत एकच काम केलें. तिच्या कोष्टकांतील ओळी आणि चिठ्ठ्या घरीं बसून एकेक करून ताडून पाहिल्या. शाळेच्या वह्या तपासावयाची संवय उपयोगीं पडली.

आतांचें यंत्र दहांपैकीं सात वेळां बरोबर सांगतें. नवांच्या जागीं सात! पण हे सात कधीं न पाहिलेल्या रुग्णालयांतले आहेत. शिवाय पट्टी अनोळखी वाटली, किंवा खात्री पुरेशी नसली, तर तें ‘सांगतां येत नाहीं’ असें उत्तर देतें. गोलब यांच्या त्या ५ नमुन्यांचें महत्त्व आम्हांला आतां कळलें. प्रबंधाच्या शेवटल्या पानावर तिनें लिहिलें आहे कीं, रुग्णाच्या उपचाराचा निर्णय यावरून करावा अशा योग्यतेचें हें यंत्र अद्याप झालेलें नाहीं. तोंडी परीक्षेंत परीक्षकांनीं सर्वांत अधिक वेळ चौथ्या प्रकरणावर घालविला, असें ताई सांगत होती.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं हा रोग येऊं नये. पण आलाच, आणि अमुक यंत्र असा निर्णय देतें असें कोणीं सांगितलें, तर भिऊं नये आणि भारूनही जाऊं नये. एवढेंच विचारावें कीं, हें यंत्र ज्या रुग्णालयांत शिकलें त्याच्या बाहेर याची परीक्षा झाली आहे काय? आणि डॉक्टर एखाद्या प्रश्नाला “ठाऊक नाहीं” म्हणाले, तर त्यांच्यावरचा विश्वास कमी करूं नये. तो शब्द उच्चारावयाला विद्या लागते, आणि धैर्यही लागतें.

परवां बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत घरीं आली. ताईच्या आईनें ती मांडीवर घेतली. पण बोटांना कागद कळेना, दोन दोन पानें एकदम उलटूं लागलीं. तिनें पुस्तक आमच्यापुढें सरकविलें. “चौथें प्रकरण वाचून दाखवा. मराठींत सांगत सांगत वाचा,” ती म्हणाली. आम्हीं चष्मा लावून वाचावयाला घेतलें. यंत्रानें कसें फसविलें, तें ताईनें कोणाला दोष न देतां सरळ लिहिलें आहे. वाचतां वाचतां आम्ही त्या जानेवारीच्या तारखेपाशीं आलों आणि आवाज अडला. ती वाती वळीत होती, चिमटींतल्या कापसावरची नजर न काढतां म्हणाली, “थांबलांत कां? पुढें वाचा.”